त्या अकरा होड्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांच्या पानावर गाझातल्या युद्धाविषयी एक पत्र छापून आले. पत्रलेखक सुशिक्षित दिसतात, भाषा स्वच्छ आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या वस्तीतून बंदूकवाले निघतात ती वस्ती त्यांना सामील असतेच. तेव्हा तिचे पाणी तोडले, घरे पाडली, तर त्यात हळहळण्यासारखे काही नाही. मी ते पत्र दोनदा वाचले. नंतर दोन दिवस दुसरे काही सुचले नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. जागा नसेल तर कापा, पण होड्यांचा मजकूर तेवढा ठेवा.

कारण हेच म्हणणे मी वयाच्या दहाव्या वर्षी माझ्या कानांनी ऐकले आहे. ते पोर्तुगीजमध्ये बोलले गेले आणि आमच्या रेजिदोराने, म्हणजे सरकारने नेमलेल्या गावप्रमुखाने, खाली मान घालून आमच्या बोलीत सांगितले.

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीत, तेरेखोल नदीच्या काठाला आमचा वाडा. पलीकडे, भारताच्या हद्दीत, आरोंदा. आईचे माहेर तिथले. लहानपणी नदी म्हणजे सीमा असे आम्हाला कधी वाटलेच नव्हते. तारी हाक मारली की येई आणि पलीकडे मामाच्या अंगणात सोडी. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवरच्या पत्रादेवीला आणि इतर ठिकाणी गोवा मुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्यांतले कर्नेलसिंग पडले, आणि त्यानंतर सगळे बदलले. नदीवर गस्त आली. रात्री दिवा घेऊन परसात जायचीही भीती वाटू लागली.

पुढच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. मध्यरात्री नदीच्या अंगाने एक मोठा आवाज झाला. जवळच्या चौकीवर कोणी तरी बॉम्ब टाकून पळाले होते. कोणी म्हणे पोर्तुगिजांशी हत्यारांनी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाची माणसे, कोणी म्हणे पलीकडून आलेले दुसरेच कोणी. आजतागायत आम्हाला ते कळलेले नाही. एवढेच खरे, की ते होडीतून आले आणि होडीतून गेले.

सकाळी पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, शिपाई आले. वाड्यातल्या सगळ्या पुरुषांना देवळासमोरच्या मांडावर, गावच्या मोकळ्या जागेत, बसवले. पंधरा वर्षांचा मुलगाही त्यात होता आणि माझे आजोही होते, ज्यांना काठीशिवाय उभे राहता येत नव्हते. अधिकारी फार बोलला नाही. त्याने विचारले, होडी कोणाची होती? कोणी उत्तर दिले नाही, कारण कोणाला ठाऊकच नव्हते. मग तो म्हणाला, आणि रेजिदोराने सांगितले, की वाड्याला ठाऊक असलेच पाहिजे, वाडा सामील आहे, तेव्हा वाड्याने भोगावे. थोरल्या काकांच्या दोन्ही तळहातांवर पालमातोराचे, म्हणजे शिक्षेच्या लाकडी फळीचे, इतके मारे बसले, की पुढचे तीन आठवडे आजी त्यांना पेज भरवत होती. ते माडावर चढणारे माणूस. त्या हंगामात आमचे नारळ दुसऱ्याने पाडले आणि निम्मे घेऊन गेला.

पण मारापेक्षा मला होड्या आठवतात. काठावर ओढून ठेवलेल्या अकरा होड्या होत्या. शिपायांनी कुऱ्हाडी मागवल्या, आमच्याच घरांतून मागवल्या, आणि एकेकीचा तळ फोडला. आमच्या शेजारी एक विधवा वैनी राहायच्या. खडकावरची कालवे काढून पेडण्याच्या बाजारात विकायच्या, त्यावर दोन मुले वाढवत होत्या. त्यांची होडी आंब्याखाली उपडी घातलेली होती. आदल्याच संध्याकाळी त्यांनी तिला काजूच्या सालीचे तेल लावले होते. तेल ओले होते. ती होडी रात्री पाण्यात गेलेली नाही हे आंधळ्यालाही बोट लावून कळले असते. वैनींनी तेच केले: स्वतःचे बोट होडीवर टेकवले आणि काळे झालेले बोट त्या अधिकाऱ्यासमोर धरले. त्याने ते पाहिले. त्याला समजले हेही मला त्याच्या तोंडावरून दिसले. मग त्याने शिपायाला खूण केली आणि अकरावी होडी फोडली.

संपादकमहाशय, त्या पत्रलेखकांना मला हे सांगायचे आहे. त्या अधिकाऱ्याची गफलत झाली नव्हती. निरपराध माणूस चुकून सापडला असे झाले नव्हते. वैनी निरपराध आहेत हे कळूनच त्यांची होडी फुटली, कारण शिक्षा वैनींना नव्हतीच. त्यांच्या तोंडचा घास काढून ती दुसऱ्या कोणाला तरी, जो तिथे नव्हता त्याला, पोचवायची होती. वैनी म्हणजे नुसता निरोप.

निरोप पोचला का? बॉम्ब टाकणारे सापडले नाहीत. महिन्याभरात वाड्यातली दोन मुले रात्री पोहून पलीकडे गेली. त्यातल्या एकाला तोवर चळवळ म्हणजे काय हेही माहीत नव्हते. त्याच्या बापाची होडी त्या अकरांत होती. वैनींचा थोरला शाळेतून उठला तो कायमचा.

आता दुसरी बाजूही लिहिते. लिहिताना मला जड जाते, कारण मी गोवा मुक्तीची आहे, १९ डिसेंबर १९६१ चा दिवस आठवला की अजून डोळे भरतात. पण खरे ते खरे. पोर्तुगिजांना जेरीस आणण्यासाठी १९५४ पासून आपल्या बाजूने आर्थिक नाकेबंदी सुरू झाली आणि १९५५ नंतर ती आवळत गेली. कुळ्यावरून कॅसलरॉकला जाणारी आगगाडी थांबली, माल थांबला, येण्याजाण्याला परवाने आले, पैसे पाठवण्यावर बंधने आली. माझे वडील गिरगावात एका छापखान्यात जुळारी होते. महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास आई पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायची. आता नुसती बसून राहू लागली.

पाखल्यांचे काय बिघडले? बाजारात हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, जपानचे सिमेंट आले, पाकिस्तानातून तांदूळ आला. दाबोळीला विमानतळ झाला. खाणींतून लोहखनिज बोटी भरभरून चालले होते. ज्यांच्या हातात पैसा होता त्यांना कधी नव्हे त्या वस्तू मिळू लागल्या. आमच्या घरी एकदा पोसरकाराने, म्हणजे दुकानदाराने, दिलेले हॉलंडचे दोन बटाटे आले होते. आईने त्यांची भाजी केली नाही, बिऱ्हाडाला पुरेल म्हणून आमटीत घातले. मामाचे लग्न झाले तेव्हा आरोंद्याच्या काठावरची गॅसबत्ती आम्हाला आमच्या ओट्यावरून दिसत होती. वाजंत्रीही ऐकू येत होती, वारा इकडचा असला की. आई त्या रात्री जेवली नाही. तिचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे राहिले आहे: "एक मारता, दुसरो उपाशी धरता, आमी केलां काय?"

दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालायच्या नाहीत, हे मला कळते. नाकेबंदी करणाऱ्यांचा रोख आमच्यावर नव्हता, राज्यकर्त्यांवर होता, आणि तेच शेवटी आम्हाला सोडवायला आले. होड्या फोडणाऱ्याचा रोख आमच्यावरच होता. पण आईच्या चुलीला हा फरक कळत नव्हता. म्हणून नाकेबंदी हा शब्द वर्तमानपत्रात आला, की आधी त्या गावातल्या चुली किती हे मोजावे असे मला वाटते.

आम्हा गोंयकारांना तर हे कोणी शिकवायला नको. शाळेत असताना मी दर दोन-तीन वर्षांनी मुलांची सहल दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला नेत असे. १५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीच्या गावकारांनी पाच जेझुइट पाद्र्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही माणसांना ठार केले. त्याआधी देवळे पाडली गेली होती, गावांवर स्वाऱ्या होऊन जाळपोळ झाली होती, हे सगळे खरे. पण मारले गेलेले पाद्री हातात शस्त्र घेऊन आलेले नव्हते, हेही मी मुलांना सांगत असे. एका बाजूचे सांगून दुसरे लपवणे मला कधी जमले नाही. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि पंधरा जणांना तिथेच मारले. एक जण साळ नदीत उडी टाकून निसटला. इथपर्यंतची गोष्ट मुलांना माहीत असते. त्या पंधरा जणांचे स्मारकही आता आहे.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. कुंकळ्ळी, वेरोडा, असोळणे, वेळ्ळी, आंबेली या गावांच्या जमिनी काढून घेतल्या. पिढ्यान्पिढ्या गावाने बांध घालून, खाजन, म्हणजे खाडीकाठची शेतजमीन, राखून पिकवलेली सामाईक शेते, गावकीची मालकी, सगळे परक्या हातांत गेले. ज्यांनी पाद्र्यांना मारले ते पंधरा-सोळा असतील, पन्नास असतील. शेत गेले सगळ्यांचे. त्यांच्या पणतवंडांचेही गेले, ज्यांचा १५८३ मध्ये जन्म झाला नव्हता. आपण मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, आणि कुळांच्या हक्कांवर इतकी वर्षे भांडलो; आपल्याच जमिनीवर परक्याचे होऊन राहणे म्हणजे काय ते आपल्याला कळायला हवे. एका मुलीने मला तिथे, स्मारकासमोर उभे असताना, विचारले होते, "बाई, त्या गावातल्या बायकांनी काय केले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

१९६१ च्या डिसेंबरात मी पंधरा वर्षांची होते. गावात गूळ-खोबरे वाटले. आरोंद्याहून मामा सहा वर्षांनी चालत घरी आला, हातात रोपट्यासकट तुळस घेऊन. आमची सुटका झाली म्हणून आम्ही नाचत होतो, त्याच दिवसांत समुद्रापलीकडे मोझांबिकमध्ये पोर्तुगीज सरकारने भारतीय नागरिकांना घराघरांतून उचलून छावण्यांत कोंडले. बहुतेक गुजराती व्यापारी, कापडाची आणि किराणा मालाची दुकाने चालवणारी कुटुंबे. दुकानांना टाळी लागली, मालमत्ता अडकली, आणि १९६२ मध्ये त्यांना देशाबाहेर काढले. त्यांचा अपराध काय? दिल्लीच्या सरकारने गोव्यात सैन्य पाठवले होते. बैराच्या बाजारात मीठ-साखर विकणाऱ्या माणसाने पत्रादेवीचे नावही ऐकले नसेल.

मला ही गोष्ट फार उशिरा कळली, निवृत्तीनंतर पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचू लागले तेव्हा. त्या दिवशी बसमधून घरी येताना मी गप्प होते. आमच्या मुक्तीची किंमत काही लोकांनी न विचारता मोजली आणि आम्ही साठ वर्षांत त्यांचे नावही घेतले नाही. आमच्या ताब्यात तेव्हा तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी होते. ते १९६२ च्या मे महिन्यात आपल्या देशी गेले. लढायला आलेला शिपाई नियमाप्रमाणे घरी जातो, आणि दुकानदार मात्र आयुष्यभराचे घर गमावतो.

हा नियम काय आहे तेही त्याच ग्रंथालयात वाचले, आणि वाटले की आमच्या मांडावर तो त्या दिवशी कोणी वाचून दाखवायला हवा होता. १९०७ च्या हेग नियमावलीचे ५० वे कलम सांगते, की एकेकट्या माणसांच्या कृत्यांसाठी सगळ्या लोकसंख्येला दंड करता येणार नाही, पैशाचा नाही आणि दुसराही नाही. पुढे १२ ऑगस्ट १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे ३३ वे कलम त्याहून स्पष्ट झाले: जो गुन्हा माणसाने स्वतः केला नाही त्याची शिक्षा त्याला देता येणार नाही; सामुदायिक शिक्षा, दहशत बसवणे, लूट, सूड म्हणून माणसांवर आणि त्यांच्या चीजवस्तूंवर हात टाकणे, सगळे मना. भारताने हे करार मानले आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतःचा कायदाही केला.

या कलमाच्या मागे लिदित्से नावाचे चेक गाव उभे आहे. मे १९४२ मध्ये प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्यावर हल्ला झाला, तो ४ जूनला मेला. हल्लेखोरांचा लिदित्सेशी संबंध नव्हता. तरी १० जूनला गाव वेढले, १७३ पुरुषांना एका शेतघराच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या, बायका छळछावणीत, बहुतेक मुले विषारी वायूच्या गाड्यांत. घरे जाळून, सुरुंग लावून गाव जमीनदोस्त केले. मी हे लिहिताना थांबले, कारण पुढचे लिहायचा धीर होत नाही. माझ्या वर्गात चाळीस मुले असायची.

पत्रलेखक म्हणतील, कागदावरचे सोडा, बंदूकवाले लोकांच्या आडून लढतात त्याचे काय? प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. लोकांना ढालीसारखे वापरणे हाही गुन्हाच आहे. घरात दडून गोळ्या झाडणाऱ्यावर सैन्याने हल्ला करावा की नाही, केला तर आसपासच्या लोकांचा किती विचार करावा, याचे वेगळे आणि कठीण नियम आहेत, आणि त्यात प्रामाणिक माणसेही चुकू शकतात. पण मी बोलते आहे ते त्याच्याविषयी नाही. गोळी थांबल्यावर, शांत डोक्याने, सगळ्या गावाचे पाणी बंद करण्याचा हुकूम निघतो त्याविषयी मी बोलते आहे. त्या अकराव्या होडीत कोणी दडलेले नव्हते.

आणि सामील असण्याविषयी. रात्री दोन वाजता दार वाजवून हातात बंदूक असलेला माणूस होडी मागतो. कोण नाही म्हणेल? सकाळी दुसरा बंदूकवाला येऊन विचारतो, का दिलीस? दोन बंदुकांच्या मधे राहणाऱ्या माणसाला सामील म्हणणे सोपे आहे, स्वतः तिथे राहिलेले नसले की.

आपल्या देशाकडेही बघावे लागते. १९६६ च्या मार्चमध्ये मिझो बंडखोर उठले तेव्हा आपल्याच विमानांनी आयझॉलवर मारा केला. १९६७ पासून शेकडो गावे उठवून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत आणून बसवले. बंडखोरांना धान्य आणि आसरा मिळू नये म्हणून मागची घरे जाळली गेली. जंगलातल्या बंडखोराला शिधा मिळू नये हा हेतू मला समजतो. पण झूमची, म्हणजे डोंगरावरची फिरती, शेती करणाऱ्या म्हातारीचे कोठार जळले ते जळलेच. बंड त्यानंतरही जवळजवळ वीस वर्षे चालले आणि ३० जून १९८६ ला मिटले ते टेबलाशी बसून. मिझोराम आणि गोवा एकाच वर्षी, १९८७ मध्ये, घटक राज्ये झाली. आम्ही शाळेत दोन्ही राज्यांचे नकाशे रंगवून घेतले होते. मला तेव्हा यातले काही ठाऊक नव्हते, नाही तर मुलांना सांगितले असते.

आता ज्या युद्धावरून हे पत्र सुरू झाले ते. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या माणसांनी इस्राएलमध्ये शिरून सुमारे १२०० लोकांना मारले आणि २५१ जणांना ओलीस नेले. त्यात म्हातारे होते, तान्ही मुले होती, नाचायला जमलेली तरुण पोरे होती. त्या गावांतल्या लोकांनीही कोणाचे काही केले नव्हते. तेही कोणाच्या तरी नावाने भोगत होते. हे आधी म्हटल्याशिवाय पुढे बोलण्याचा मला अधिकार नाही. दोन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, इस्राएलच्या संरक्षणमंत्र्यांनी गाझाला पूर्ण वेढा जाहीर केला: वीज नाही, अन्न नाही, इंधन नाही. गाझात वीस लाखांहून अधिक लोक, त्यातले जवळजवळ निम्मे अठरा वर्षांखालचे. २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस गुटेरेस सुरक्षा परिषदेत बोलले, की पॅलेस्टिनी लोकांच्या तक्रारींनी हमासचे हल्ले समर्थनीय ठरत नाहीत आणि त्या हल्ल्यांनी पॅलेस्टिनी लोकांना दिलेली सामुदायिक शिक्षाही समर्थनीय ठरत नाही. पुढे २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे अन्नाच्या गाड्या पूर्ण अडवल्या गेल्या, आणि ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ पडल्याचे अन्नसुरक्षेची मोजणी करणाऱ्या जागतिक यंत्रणेने जाहीर केले. शेजारच्या देशात पिठाची पोती भरलेले ट्रक उभे असताना पडलेला हा दुष्काळ होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये शस्त्रसंधी जाहीर झाली, तरी उपासमारीने खंगलेले मूल तारखेने उठून उभे राहत नाही. हे मी शिक्षिका म्हणून सांगते: कुपोषित मूल मधल्या वेळच्या आहाराने लगेच पाटी धरत नाही, वर्ष जाते.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्राएलचे पंतप्रधान आणि माजी संरक्षणमंत्री यांच्यावर वॉरंट काढले, त्यात उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर हा आरोप आहे. हमासच्या एका सेनापतीवरही त्याच दिवशी काढले. पण एक गोष्ट वाचून मी चकित झाले. त्या न्यायालयाच्या १९९८ च्या संविधीत सामुदायिक शिक्षा हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिलेलाच नाही. सिएरा लिओनसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाच्या यादीत तो होता आणि तिथे बंडखोर सेनापतींना त्यासाठी दोषी धरलेही गेले. म्हणजे लिहिता येतो. लिहायला हवा.

घरे पाडण्याविषयी थोडेसे. हल्लेखोराच्या कुटुंबाचे घर पाडायचा अधिकार इस्राएलला ज्या नियमातून मिळतो, तो १९४५ चा नियम ११९ आहे, पॅलेस्टाइनवर राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी केलेला. राज्यकर्ता जातो, कुऱ्हाड मागे ठेवून जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला, बुलडोझरच्या खटल्यात, न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या पीठाकडून स्पष्ट सांगितले, की एकावर आरोप आहे म्हणून सगळ्या कुटुंबाचे छप्पर काढणे म्हणजे त्यांना सामुदायिक शिक्षा देणे आहे. मला तो निकाल वाचून वैनींचे काळे बोट आठवले. पण सहा महिनेही गेले नाहीत, २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना ठार मारले गेले, आणि नंतरच्या काही दिवसांत काश्मीरमध्ये संशयित दहशतवाद्यांच्या घरच्यांची घरे स्फोटकांनी उडवली गेली. पहलगामला ज्या बायकांसमोर त्यांचे नवरे मारले, त्यांच्यासाठी माझे काळीज तुटते. मारणाऱ्यांना पकडून शिक्षा व्हावी, कडक व्हावी. मारणाऱ्याच्या आईच्या घराची भिंत पाडून ती होत नाही.

आमच्याकडे दर वर्षी दिवाळीनंतर एक काश्मिरी शालवाला येतो. सोळा-सतरा वर्षे येतोय. हंगामात किनाऱ्याकडच्या एका दुकानात भावाबरोबर असतो आणि मधल्या दिवसांत गाठोडे घेऊन गावोगाव फिरतो. मला 'आजी' म्हणतो. चहात मीठ घालून पीत नाही, आमच्यासारखा साखरेचा पितो, दोन चमचे. गेल्या वर्षी एप्रिलनंतर आमच्या वाड्यावर दोघातिघांनी ठरवून टाकले होते, की तो आला तर गडग्याच्या आत घ्यायचा नाही. मी वाद घातला. माझ्याच पुतण्याशी घातला, आणि तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

तो आला. नेहमी गेट उघडून थेट ओट्यावर येऊन बसणारा माणूस, या वेळी गेटाबाहेर उभा राहिला. गाठोडे खाली ठेवले नाही. मी पायरी उतरून जाईपर्यंत त्याने खिशातून आधार कार्ड काढून हातात धरले होते, माझ्याकडे तोंड करून. मी काही विचारले नव्हते. थोरली मुलगी बारावी झाली का, एवढे विचारायचे माझ्या मनात होते, कारण ती बाहेरगावी शिकायला जाणार असे तो आदल्या वर्षी आनंदाने सांगून गेला होता. ती आता जाणार नाही, घरीच बसून अभ्यास करते, असे त्याने सांगितले.

आपल्या पत्रलेखकांना माझा पत्ता जरूर द्या. पूल झाल्यापासून आमचा वाडा सहज सापडतो. त्यांनी यावे, होड्या जिथे होत्या तो काठ मी दाखवीन, आंबाही अजून आहे. त्यांच्याशी मला भांडायचे नाही. एकच विचारायचे आहे: ते कार्ड हातात धरून उभ्या असलेल्या त्या माणसाला पाहून ते काय म्हणाले असते? मी पहिले मिनिटभर काहीच म्हणू शकले नाही. मग गेट उघडले.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
पेडणे, गोवा